तोफ नाही, कवच साठ, शिल्लक चाळीस

२५ मार्च १९८४, रविवार
जयूचं लग्न ठरलं. २० मे. मुलगा अमरावतीचा, सिंचन खात्यात. कमी बोलतो. मला आवडला.

संध्याकाळी भावी जावयाला फिरवायला सीताबर्डीवर नेलं. तिथे व्हिडिओ गेमचं नवीन दुकान निघालंय. काळ्या पडद्यावर अवकाशयान, बटण दाबलं की हिरवी किरण-रेघ सुटते, शत्रूचं यान फुटतं, वर 'धडाम' असा आवाज. मी दुकानदाराला विचारलं की ही ऊर्जा येते कुठून? एका मिनिटात चाळीस वेळा तोफ डागता येते, मग इंधन किती? आणि पोकळीत किरण बाजूने दिसेल कसा? त्याला धूळ लागते. आवाजाला हवा लागते. दुकानदार म्हणाला, "साहेब, खेळायचं असंन तर खेळा, नाही तर बाजूले व्हा. मागं लाइन लागून राहिली." जावई खोकला. बहुधा धुळीमुळे.

घरी आल्यावर शोभाने मुद्द्याचं काढलं. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव लागतं, म्हणजे दादाचं. त्यासाठी मी कुंकू-अक्षता घेऊन स्वतः कामठीला जायला हवं. जयू म्हणाली, मोठेबाबा आणि मोठीआई (म्हणजे दादा-वहिनी) नसतील तर मी मांडवात उभी राहणार नाही. लहानपणी सगळ्या सुट्ट्या तिने त्यांच्याकडेच काढल्यात. हट्टी आहे. दादावर गेलीय.

जाणार आहेच. पुढच्या रविवारी.

२६ मार्च, सोमवार
रात्री नीट विचार केला. सहा वर्षांनी एकदम दारात उभं राहणं बरं दिसणार नाही.

भांडणाचं कारण इथे प्रामाणिकपणे लिहितो. बाबांच्या तेरवीच्या दिवशी मी त्यांचा जुना रेडिओ दुरुस्तीला उघडला. मी फिजिक्स शिकवतो, अधिकार होता. रेडिओ बंद पडला. (आधी चालू होता.) तेव्हा दादा सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "गोपाळच्या हातात गेलेली वस्तू परत बोलत नाही." त्या दिवसापासून रेडिओ, दादा आणि मी, तिघेही बोललेलो नाही.

तर योजना अशी. मी वसतिगृहात असताना दादा आणि मी पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचो. तसाच एक खेळ पुन्हा सुरू करायचा. आधी खेळ, खेळातून बोलणं, बोलण्यातून आमंत्रण. आणि खेळ अवकाशयुद्धाचा, पण शास्त्रशुद्ध. कालच्या दुकानातल्यासारखा पोरकट नाही. ग्राफ पेपरवर दोन यानं. प्रत्येकाला दर खेळीला शंभर एकक ऊर्जा. ती तीन ठिकाणी वाटायची: किरण-तोफ, कवच आणि शिल्लक टाकी. अंतराप्रमाणे किरण पसरतो आणि मारा कमी होतो. समोरच्याचं कवच माऱ्यापेक्षा जास्त असेल तर काही होत नाही. एकूण आठ नियम.

नियम, ग्राफ पेपर आणि माझी पहिली खेळी पाकिटातून कामठीला रवाना. पहिली खेळी: तोफ ऐंशी, कवच वीस. सुरुवात जोरात हवी.

३१ मार्च, शनिवार
कार्ड आलं! सहा वर्षांनी!

मायना नाही, सही नाही. फक्त एक ओळ: "तोफ नाही. कवच साठ. शिल्लक चाळीस."

दादा जसाच्या तसा आहे. राग धरून बसायचं, पुढे यायचं नाही. अक्षर मात्र बिघडलंय, जांभळ्या पेन्सिलीने, एकेक अक्षर सुटं, शाळेतल्या मुलासारखं. दाबून लिहितो म्हणजे अजून चिडलेला आहे. असो. दार किलकिलं झालं.

शोभाला कार्ड दाखवलं. तिने उलटसुलट करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "उद्या रविवार हाय. जाता ना कामठीले?" मी सांगितलं की वाटाघाटी नाजूक वळणावर आहेत.

दुसरी खेळी टाकली. तोफ ऐंशी.

४ एप्रिल, बुधवार
भारताचा माणूस काल अवकाशात गेला. कॉलेजात पेढे. लॅब असिस्टंट ताराचंदने विचारलं, "सर, उनके पास वो लाइट वाली बंदूक रहती क्या?" मी त्याला थांबवून अर्धा तास समजावलं की लेझरने धातू वितळवायचा तर एकाच बिंदूवर किरण धरून ठेवावा लागतो, समोरचं यान नुसतं गोल फिरत राहिलं तरी उष्णता पसरते. तो म्हणाला, "मतलब नहीं रहती." असं एका शब्दात नाही सांगता येत.

६ एप्रिल, शुक्रवार
दुसऱ्या खेळीला उत्तर: "तोफ नाही. कवच साठ. शिल्लक चाळीस."

हा सरळसरळ अपमान आहे. मी ऐंशीचा मारा करतोय आणि तो मला उलटा फटका देण्याच्या लायकीचाही समजत नाही. लहानपणी असंच करायचा. मी ओरडायचो, तो शेंगा सोलत बसायचा.

तिसरी तोफ डागली. पुन्हा ऐंशी. मनात राग नव्हता, हे नमूद करतो. (होता. थोडा.)

८ एप्रिल, रविवार
कामठीला जाणार होतो. पण आज परीक्षेचं सुपरव्हिजन आलं, रविवारीही. मी स्वतःहून घेतलं हे खरं, पण कोणीतरी घ्यायलाच हवं होतं.

तिथेच ती गोष्ट सुचली. सकाळी सातला थर्मासमध्ये भरलेला चहा साडेअकराला जीभ भाजेल इतका गरम! का? कारण थर्मासच्या दोन काचांमध्ये पोकळी असते. आणि अवकाशयानाच्या भोवती काय असतं? पोकळी! म्हणजे यान हा एक मोठा थर्मासच. कोणतीही किरण-तोफ शंभर टक्के कार्यक्षम नसते. निम्मी ऊर्जा किरण बनून बाहेर जाते, निम्मी उष्णता होऊन आतच राहते. ती जाणार कुठे? हवा नाही, पाणी नाही, कूलर नाही. जगातल्या एकाही खेळात कोणी हा विचार केलेला नसेल.

नियम नववा तिथेच उत्तरपत्रिकेच्या पुरवणीवर लिहिला. डागलेल्या ऊर्जेच्या निम्मी उष्णता यानात साठेल. दर खेळीला फक्त पाच एकक बाहेर पडेल. साठा शंभरच्या वर गेला की आतली माणसं शिजून मरतील. नियम खेळाच्या सुरुवातीपासून लागू, म्हणजे कोणाला पक्षपात वाटायला नको.

येताना लगेच पोस्टात टाकला. फार बरं वाटलं. शोभा फाटकात उभी होती. तिने "कामठी?" एवढंच विचारलं. मी थर्मास दाखवला.

१२ एप्रिल, गुरुवार
४३ डिग्री. कूलरची मोटर जळली. मी कालच तेल घातलं होतं.

नियम नववा माझ्या यानाला लावून पाहिला. तीन वेळा ऐंशी डागले, म्हणजे चाळीस, चाळीस, चाळीस, एकूण एकशेवीस. मधे दोनदा पाच-पाच बाहेर गेले. उरले एकशेदहा. मर्यादा शंभर.

पुन्हा मांडलं. एकशेदहा.

माझी माणसं मेली आहेत. तिसऱ्या खेळीलाच. माझ्याच तोफेने.

अजून एक गोष्ट. शंभरच्या शंभर एकक तोफेत घातले तरी बाहेर पडणार पन्नास, आणि दादाचं कवच साठ. म्हणजे माझ्या खेळात समोरच्याला मारताच येत नाही. फक्त स्वतःला मारता येतं.

१३ एप्रिल, शुक्रवार
दादाला कळवायला हवं. प्रामाणिक माणसाने आज कळवलं असतं. पण कळवलं तर खेळ संपला, कार्ड बंद, वाटाघाटी बंद, दादाचं नाव पत्रिकेवर नाही, जयू मांडवात नाही. म्हणजे मी गप्प राहतोय ते माझ्यासाठी नाही, मुलीसाठी. हे स्वतःला तीनदा विचारून पाहिलं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं, पण तिसऱ्यांदा जरा उशिरा.

दादाला इतकं गणित येत नाही. तो मॅट्रिक आहे. योग्य वेळ येताच सांगेन. आज फक्त खेळी टाकतो: "तोफ शून्य. कवच शंभर. गुरुवारी कामठीच्या दिशेने पूर्ण शक्तीने मारा करीन." मेलेल्या यानाची धमकी आहे, पण समोरच्याला कुठे माहीत?

१७ एप्रिल, मंगळवार
साध्या कपड्यातला एक माणूस आला. कुठल्या खात्याचा ते त्याने सांगितलं नाही. त्याच्या हातात माझ्या कार्डाची नक्कल होती. कामठीला लष्कराची छावणी आहे, हे मी कार्ड लिहिताना लक्षात घेतलं नव्हतं. त्याने विचारलं की तोफ कुठे आहे? मी ग्राफ पेपर दाखवला. तरी त्याचं समाधान होईना, म्हणून मी किरणाचा फैलाव, लोलक, आरसा, आणि थर्मासचा मुद्दा अगदी पहिल्यापासून घेतला. कूलर बंदच होता. तासाभराने त्याने दुसरा तांब्या पाणी मागितलं. मग म्हणाला, "मास्तर, मी लिहून देतो का काही नाही म्हणून. आता जाऊ द्या मले." मी अजून रेडिएशनवर यायचा होतो.

शोभा दाराआडून ऐकत होती. म्हणाली, "पोलिसाले दीड तास समजावलं. तेवढ्या वेळात कामठीले जाऊन जेवून परत आले असते तुमी."

यापुढे पोस्टकार्ड बंद. बंद पाकीट.

२२ एप्रिल, रविवार
आज निघालो. खरोखर निघालो. कुंकू-अक्षतांची पुडी खिशात. स्टँडपर्यंत गेलो. कामठीची बस लागलेली होती, खिडकीजवळची जागाही होती.

पण मनात आलं, जाऊन काय सांगणार? दादाने विचारलं, "काय रे, कोण जिंकून राहिलं?" तर? खोटं बोलू? त्याच्या घरी, कुंकू हातात घेऊन? आणि खरं सांगितलं तर तो सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणणार, "पाहा, याने स्वतःचंच जहाज शिजवलं." रेडिओचं एक झालं, आता हे दुसरं.

बस गेली. दुसरी लागली. तीही गेली. कंडक्टरने दोनदा विचारलं, "चालता का नाही, काका?"

घरी सांगितलं, ऊन फार होतं. ते होतंच.

२९ एप्रिल, रविवार
शोभा आणि जयू सकाळी भांडी घ्यायला इतवारीत गेल्या. सात तास! दोघी उन्हाने लाल होऊन आल्या. भांडी एकही नाही, भाव पटला नाही म्हणे. कैरीच्या लोणच्याची बरणी तेवढी आणली. चव घेतली, अगदी वहिनी घालायची तशी मेथी. इतवारीत हल्ली लोणचं चांगलं मिळायला लागलंय.

जयू आज फार खुशीत आहे. कारण विचारलं तर म्हणाली, "काही नाही, बाबा. तुमी खेळा."

दुपारी नियम दहा ते तेरा तयार केले. यानाला उष्णता बाहेर टाकणारे पंख लावता यावेत, असा प्रयत्न आहे. मागच्या तारखेपासून. पण पंख लावले तर दादालाही द्यावे लागतील आणि त्याला गरजच नाही, त्याने तोफ एकदाही पेटवलेली नाही. हे न्याय्य की अन्याय्य? ठरेना. फाडून टाकले.

५ मे, शनिवार
नववं कार्ड: "तोफ नाही. कवच साठ. शिल्लक चाळीस."

नऊ कार्डं, एकच ओळ. या माणसाच्या मनात काय आहे? आता मला या ओळीत राग दिसत नाही, तुच्छता दिसते. कधी कधी तीही दिसत नाही. नुसती ओळ दिसते.

शोभाला म्हटलं की पत्रिका छापायला अजून देऊ नकोस, मी बोलणी संपवतो. ती भाजी निवडत होती. "बरं," म्हणाली. इतक्या सहज कधी ऐकत नाही. माझ्यावर तिचा विश्वास बसत चाललाय.

१३ मे, रविवार
गेलो.

शोभाने काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही, म्हणूनच बहुधा गेलो. साडेबाराची बस, ४५ डिग्री. खिशात कुंकू, हातात नियमांची फाइल. ठरवलं होतं की आधी यानाचं खरं सांगायचं, मग पत्रिकेचं. वाटेत वाक्य पाठ केलं.

दार तुळसावहिनीने उघडलं. म्हणाली, "या बाप्पा भावजी. इतक्या उनात? टोपी तरी घालाव." पन्हं दिलं. दादा आतल्या खोलीत झोपला होता, घोरणं ऐकू येत होतं. सहा वर्षांत बदललेलं नाही.

बाहेरच्या खोलीत बाबांचा रेडिओ जुन्या जागीच होता. मागचं झाकण काढलेलं, आत काहीच नाही, नुसती पेटी. आणि पेटीत माझी सगळी कार्डं, पाकिटं, नियम नववा, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं. त्यावर एक जांभळी पेन्सिल.

मी पेन्सिल उचलून पाहिली. मग विचारलं की खेळ्या कोण लिहितं?

वहिनी म्हणाली, "मीच. पयलं पाकीट आलं तं ह्यांनी चष्मा लावून पाहिलं, अन् माह्याकडं टाकलं. म्हणे, 'त्याचं डोस्कं फिरलं वाट्टे. तू पाह्य वं.' मी सातवी शिकली ना. वाचलं दोनदा. समजलं."

विचारलं की वहिनी, तुम्ही तोफ एकदाही का नाही डागली?

ती हसली. "भावजी, वैशाखात दुपारी कोणी चूल पेटवते का? आपल्याच घरात धग होते. सकाळचं रांधून झाकून ठेवा, खिडकीले तट्ट्या लावा अन् गप बसा. ज्याले घाई हाय, तो पेटवंन अन् भाजंन."

मी फाइल उघडली. पाठ केलेलं वाक्य म्हणायला लागलो: वहिनी, एक गोष्ट मी लपवली, माझं यान खरं म्हणजे...

"रामनवमीलेच शिजलं ना?" ती म्हणाली. "नववा नियम आला, त्याच दिवशी मांडून पाहिलं मी. एकशेदहा."

मग इतके दिवस का खेळलात, असं मी विचारलं. बहुतेक ओरडून विचारलं, कारण आतलं घोरणं थांबलं.

ती पन्ह्याचा गिलास उचलत म्हणाली, "तुमी मेले म्हणून लिवलं असतं तं कार्डं बंद झाली असती. ह्यांचं काय मंग? खेळ ह्यांले समजत नाही. पण रोज पोस्टमन येऊन गेला का विचारतात, 'गोपाळचं आलं का?' आलं म्हटलं का जेवतात."

दादा बाहेर आला. लुंगी, विस्कटलेले केस, डोळे अर्धे मिटलेले. म्हातारा झालाय. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आला का? जेवला का?"

एवढंच. मी त्याच्यासाठी सहा वर्षं उत्तरं तयार केली होती. यातल्या एकाही प्रश्नाला ती लागू नव्हती.

कुंकवाची पुडी काढली तर दादा म्हणाला, "हे काय? शोभानं लावलं ना मागच्या महिन्यात. पोरगीही आल्ती." आणि टेबलावरून पत्रिका काढून दाखवली. छापलेली. निमंत्रक: त्याचं नाव. खाली बारीक अक्षरात माझं. शाई केव्हाच वाळलेली.

लोणचंही वहिनीचंच होतं.

२० मे, रविवार
लग्न झालं. सगळं नीट झालं, कारण माझ्याकडे काहीच नव्हतं.

मंगलाष्टकांच्या आधी माइक बंद पडला. मी उठलो, वायर नुसती पाहायला वाकलो, तेवढ्यात मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून दादा ओरडला, "अरे, त्याले हात नका लावू देऊ गा!" अख्खं वऱ्हाड हसलं. जावईही हसला, आवाज काढून. मग दादा आला आणि माझा हात धरून मला पहिल्या रांगेत स्वतःच्या शेजारी बसवलं. पूर्ण वेळ हात सोडला नाही. सावधगिरी म्हणून असेल.

माइकशिवायच लग्न लागलं. जयू जाताना मोठीआईच्या गळ्यात पडून रडली. माझ्याकडे आली तेव्हा रडणं जवळजवळ संपलं होतं. म्हणाली, "बाबा, कार्ड टाकत जा." तिला की मोठेबाबांना, ते विचारायचं राहिलं.

२२ मे, मंगळवार
घर रिकामं. ४६ डिग्री. शोभा झोपली आहे.

व्हिडिओ गेमच्या दुकानदाराला एक सविस्तर पत्र लिहायचं मनात होतं. थर्मासचा मुद्दा. नाही लिहिलं. त्याला तो मुद्दा माहीत असण्याची गरज नाही. त्याच्या यानात कोणी माणसं नसतात.

दादाला मात्र लिहायचं होतं, साधं पत्र. नियम नाहीत, खेळ नाही. दोन तास बसलो. 'प्रिय दादा' लिहिलं. खोडलं. 'त्या दिवशीच्या रेडिओबद्दल' लिहिलं. खोडलं. कार्ड खराब झालं, दुसरं घेतलं. शेवटी त्यावर जे सुचलं ते लिहिलं:

तोफ नाही. कवच साठ. शिल्लक चाळीस.

उन्हात जाऊन पेटीत टाकून आलो. फार बरं वाटलं. फाटकाशी आल्यावर लक्षात आलं की पत्ता घालायचा राहिला.

म्हणजे आता कामठीला स्वतःच जावं लागणार. सतरा किलोमीटर तर आहे. उद्याच जाईन. ऊन फार असेल तर परवा.